पाइनटाइम घ्यावं का? गजर हवा, थरथर हवी, बाकी काही नको

गच्चीवरची_तुळस
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी नाशिकला सातवीला शिकवते. शाळा सकाळी सातची, त्यामुळे पावणेपाचला उठावं लागतं. नवरा एमआयडीसीत, दोन आठवड्यांतून एकदा सेकंड शिफ्ट, म्हणजे घरी येऊन जेवून झोपेपर्यंत साडेबारा-एक. माझ्या फोनचा गजर झाला की तो जागा होतो आणि मग दिवसभर 'झोप झाली नाही' हे ऐकावं लागतं. मनगटावर नुसतं थरथरणारं काहीतरी हवंय. दुसरी गरज वर्गातली. फोन पर्समध्ये मुका असतो, घरून फोन आला तर कळायला हवा. तिसरी म्हणजे वेळ. संपलं.

याआधी एक दीड हजारांचं घड्याळ घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. त्याच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, मायक्रोफोन सगळं हवं होतं. दिलं. मग एके दिवशी अपडेट आलं आणि लॉगिन केल्याशिवाय गजर लावता येईना. माझ्याच हातातल्या घड्याळात पावणेपाचचा गजर लावायला मोबाइल नंबर आणि ओटीपी! तेव्हापासून ते ड्रॉवरमध्ये आहे.

भावाने पाइनटाइम नावाच्या स्मार्टवॉचबद्दल सांगितलं. ओपन सोर्स आहे, किंमत सत्तावीस डॉलरच्या आत. ॲप लॉगिन मागत नाही म्हणे. कुणी वापरलंय का? माझ्यासारख्या बिनतांत्रिक माणसाने घ्यावं का? घरी लहान मुलगी आहे, रोज तासभर घड्याळाची सेवा करायला वेळ नाही.

ठोकळा
एचएमटी जनता. रोज सकाळी चावी द्या. लॉगिन नाही, ओटीपी नाही, चार्जर नाही. माझ्या वडिलांचं अजून चालतंय.

गच्चीवरची_तुळस
ठोकळादादा, थरथरतं का ते?

ठोकळा
हात थरथरत असेल तर थरथरतं.

लोखंडी_पूल
दोन वर्षं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाइनटाइम हे पाइन६४ नावाच्या मंडळींचं. पाइनफोन हा फोन आणि पाइनबुक हा लॅपटॉपही याच मंडळींनी काढला. हार्डवेअर ते विकतात, आत चालणारं सॉफ्टवेअर जगभरचे हौशी लोक लिहितात. आज सगळे वापरतात त्या प्रणालीचं नाव इन्फिनिटाइम. तिचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, बदलावा, आपल्या घड्याळात घालावा.

आत काय आहे: नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ चिप, ६४ केबी रॅम, ५१२ केबी फ्लॅश आणि वर ४ एमबीची वेगळी साठवण. पडदा १.३ इंची, २४० बाय २४०. स्पर्शाने चालतो, शिवाय डाव्या बाजूला एक बटण. पावलं मोजतं, नाडी मोजायचा प्रयत्न करतं. स्पीकर नाही, माइक नाही, जीपीएस नाही. म्हणजे तुमच्या आधीच्या ॲपने मागितलेला मायक्रोफोन इथे द्यायचा म्हटलं तरी घड्याळात तो नाहीच.

घड्याळ फोनला जोडायला गॅजेटब्रिज नावाचं ॲप लागतं. ते प्लेस्टोअरवर शोधू नका, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या दुकानातून घ्या. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की त्याच्या परवानग्यांच्या यादीत इंटरनेटच नाही. तुमची पावलं, नाडी, कुणाचे फोन आले, यातलं काहीही ते बाहेर पाठवूच शकत नाही, कारण त्याला बाहेरचा रस्ताच दिलेला नाही. भरवसा ठेवावा लागत नाही, तपासता येतं.

आता रडगाणं. थरथर बेताची आहे. माझी झोप हलकी, मला पुरते. गजर एकच लावता येतो. एक मिनिट थरथरतो आणि गप्प होतो, 'अजून पाच मिनिटं' ही सोय नाही. बॅटरी मला पाच-सहा दिवस जाते. मनगट उचललं की पडदा लागतो ही सोय चालू ठेवली तर थोडी कमी. भर उन्हात पडदा फिका दिसतो. भांडी घासताना चालेल, पोहायला नेऊ नका.

मागवताना कुरिअर आणि कस्टम्स मिळून मला जवळजवळ घड्याळाच्या किमतीइतकाच भुर्दंड पडला. केवायसीची कागदपत्रं कुरिअरवाल्यांना द्यावी लागली ती वेगळी. कुणी परदेशातून येत असेल तर पिशवीत टाकून आणायला सांगा.

तिखटमीठ
६४ केबी??? आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती २ एमबीची येते.

लोखंडी_पूल
@तिखटमीठ, म्हणूनच ते पाच-सहा दिवस चालतं. तेवढ्यात पाच सूचना साठतात, प्रत्येकी शंभरेक अक्षरांच्या. सहावी आली की सर्वांत जुनी जाते. मला तर ही मर्यादा आवडायला लागलीय. सोसायटीची भांडणं शंभर अक्षरांनंतर आपोआप तुटतात.

राइनकाठचा
जर्मनीत आहे, इथून दुसरा पर्याय सुचवतो. बँगल.जेएस २. एस्प्रुइनो नावाचा प्रकल्प आहे, इंग्लंडमधला एक माणूस आणि त्याच्याभोवतीची हौशी मंडळी. पडदा लहान आणि भरड, १७६ बाय १७६, आठच रंग. पण तो कायम चालू असतो आणि उन्हात जितकं ऊन तितका स्वच्छ दिसतो, जुन्या कॅल्क्युलेटरसारखा. जीपीएस आणि होकायंत्र आहे. साधा वापर असेल तर चार्जिंग मी आठवड्यांत मोजतो, दिवसांत नाही. जीपीएस लावलं की मात्र भराभर उतरते.

मजा म्हणजे ॲप्स ब्राउझरमधूनच ब्लूटूथने घड्याळात जातात आणि ती जावास्क्रिप्टमध्ये असतात. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिने स्वतःचा घड्याळाचा चेहरा लिहिला. किंमत पाइनटाइमच्या तिप्पटीच्या आसपास.

तुळसताई, एक प्रश्न. तुमच्या फोनवर संदेश मराठीत येतात की इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत? यावर बरंच अवलंबून आहे.

गच्चीवरची_तुळस
शाळेचे सगळे ग्रुप देवनागरीत. मुख्याध्यापक तर 'ठीक आहे' सुद्धा शुद्धलेखनासकट लिहितात. घरचे 'kuthe ahes' टाइपाचे... माफ करा, 'कुठे आहेस' हे इंग्रजी अक्षरांत लिहिणारे.

राइनकाठचा
मग ऐका. पाइनटाइमवर देवनागरी दिसत नाही, चौकोन येतात. नुसता फॉन्ट घातला की झालं, असंही नाही. 'शि' लिहिताना वेलांटी साठवणुकीत श नंतर येते पण दिसायला हवी श च्या आधी. 'र्क' मध्ये र उडी मारून डोक्यावर बसतो. ही उलटापालट करणारी यंत्रणा एवढ्याशा घड्याळात नाही, त्यामुळे फॉन्ट कोंबला तरी 'शिक्षक' वाचताना तुमचेच विद्यार्थी हसतील.

बँगलवर यातून पळवाट काढलीय. गॅजेटब्रिजमध्ये एक सेटिंग आहे. घड्याळाला जो शब्द लिहिता येत नाही त्याचं फोनवरच चित्र बनतं आणि चित्र घड्याळाकडे जातं. फोनला मराठी येतंच. माझ्या आईचे संदेश मला मनगटावर जोडाक्षरांसकट दिसतात. 'जेवलास का' हे मनगटावर वाचायला काय वाटतं ते परदेशात राहिल्याशिवाय कळायचं नाही. असो, अवांतर झालं.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये काम करते, नाडीबद्दल दोन शब्द. मनगटावरची घड्याळं हिरवा प्रकाश कातडीवर टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असला, हात हलत असला, की आकडा भरकटतो. स्वस्त सेन्सरवर जास्तच. पाइनटाइमच्या नाडीच्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, पण ते तसा दावाही करत नाही.

माझ्या सासूबाईंना कुणीतरी बीपी आणि साखर दाखवणारं घड्याळ भेट दिलं होतं. साखर! सुई न टोचता! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की सुई न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सासूबाई त्या आकड्यावर गोळी अर्धी करायला निघाल्या होत्या. ते घड्याळ मी आता 'हरवलं' आहे.

पेबलवेडा
या धाग्यावर पेबलचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं वाईट वाटलं.

२०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ६८,९२९ लोकांनी मिळून एक कोटी डॉलरच्या वर पैसे उभे केले त्या घड्याळासाठी. कागदासारखा पडदा, बटणं, आठवडाभर बॅटरी. मी अमेरिकेतल्या मित्राकडून मागवलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिटने कंपनीची मालमत्ता विकत घेतली, घड्याळं बनणं थांबलं आणि २०१८ मध्ये सर्व्हरही बंद. पुढे फिटबिटच गूगलच्या पोटात गेली. म्हणजे माशाला मासा, त्याला आणखी मोठा मासा.

पण वापरणाऱ्यांनी रेबल नावाने स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळं चालू ठेवली. गॅजेटब्रिजचा जन्मसुद्धा पेबलसाठीच झालाय, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची प्रणाली खुली केली आणि मूळ संस्थापकाने पुन्हा घड्याळं बनवायला घेतली. काळ्यापांढऱ्या पडद्याचं १४९ डॉलरला जाहीर झालं, महिनाभर बॅटरीच्या वायद्यासह. ताईंच्या गरजेला ते महाग आहे. मी फक्त इतकंच म्हणतोय की कंपनी मेली आणि घड्याळ जगलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ठोकळा
आता गंमत बाजूला ठेवतो, कारण सगळे एकाच सुरात आरती करताय.

एक, बिघडलं तर पुण्यात किंवा नाशकात दुरुस्त कोण करणार? दोन, फुकट काम करणारी मुलं उद्या नोकरी-संसारात अडकली तर? तीन, ताईंनी आधीच सांगितलंय की सेवा करायला वेळ नाही आणि तुम्ही त्यांना जावास्क्रिप्ट शिकवताय. चार, ड्रॉवरमध्ये आधीचं घड्याळ आहे. तेच त्या गॅजेटब्रिजला जोडता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. माझ्याकडे शाओमीचा जुना 'मी बँड ३' आहे, भाच्याने त्यावर जोडून दिला. लॉगिन गेलं, गजर राहिला. खर्च शून्य.

लोखंडी_पूल
ठोकळाशेठ, चौथा मुद्दा आधी मांडायला हवा होता, चूक कबूल. तुळसताई, गॅजेटब्रिजच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या उपकरणांची यादी आहे, त्यात तुमचं मॉडेल शोधा. काही घड्याळं सरळ जोडली जातात, काहींना कंपनीच्या ॲपमधून एकदा जोडणीची सांकेतिक किल्ली काढून आणावी लागते, काही जोडलीच जात नाहीत.

पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही. बंद केसचं घड्याळ उघडायचं म्हणजे डिंक सोडवायचा. पट्टा मात्र साधा २० मिलिमीटरचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. दुसऱ्याबद्दल म्हणाल तर आहे ती आवृत्ती आहे तशी चालत राहील. नवीन काही येणार नाही इतकंच. तुमची जनता तरी कुठे अपडेट होते?

गच्चीवरची_तुळस
यादी पाहिली. माझं त्यात नाही.

पूलदादा, एक विचारायचं राहिलं. गजर वारांप्रमाणे लावता येतो ना? रविवारी मला झोपायचंय.

लोखंडी_पूल
तीन पर्याय आहेत: एकदाच, रोज, आणि सोमवार ते शुक्रवार.

गच्चीवरची_तुळस
आणि शनिवार?

लोखंडी_पूल
...

तिखटमीठ
ज्यांनी लिहिलं त्यांच्या देशात शनिवारची सकाळची शाळा नसते, असं दिसतंय.

गच्चीवरची_तुळस
मग रोजचा लावून शनिवारी रात्री आठवणीने बंद करायचा आणि रविवारी रात्री आठवणीने चालू करायचा. दोनदा आठवण. त्यापेक्षा नवऱ्याची कुरकुर परवडली. राहू दे, धन्यवाद सगळ्यांना.

लोखंडी_पूल
थांबा. रात्री कोड उघडून बसलो होतो.

गजराच्या फाइलमध्ये पुढचा गजर कोणत्या दिवशी हे ठरवणारा तुकडा आहे. वारांना आकडे: रविवार ०, सोमवार १, असं करत शनिवार ६. 'सोम ते शुक्र' निवडलं असेल आणि पुढचा गजर ० वर पडत असेल तर तो एक दिवस पुढे ढकलतात, ६ वर पडत असेल तर दोन दिवस. बस, एवढंच. सहावाली दोन ओळींची अट काढून टाकली की शनिवार उघडा होतो आणि रविवार बंदच राहतो.

काढली. बदललेल्या कोडची बांधणी करायला त्यांनीच सगळी साधनं भरलेला तयार डबा दिलाय, डॉकरवाला, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत झालं. झिप फाइल गॅजेटब्रिजमधून घड्याळात घातली, तारीख शुक्रवार रात्रीची केली, गजर लावला. शनिवारी वाजला. तारीख शनिवार रात्रीची केली. रविवारी वाजला नाही.

पडद्यावर पाटी अजून 'सोम-शुक्र' अशी इंग्रजीतच आहे, ती बदलायचा कंटाळा केला.

माझ्याकडे दुसरं पाइनटाइम पडून आहे, बायकोने चार दिवस वापरून परत केलेलं. ही आवृत्ती घालून नाशिकला पाठवतो. महिनाभर वापरा, नाही आवडलं तर परत पाठवा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठोकळा
दोन ओळी काढल्या म्हणून कौतुक. पण मान्य, एचएमटीला ही सोय नव्हती.

राइनकाठचा
पूलशेठ, दंडवत. ताई, चौकोनांचं काय करणार?

गच्चीवरची_तुळस
पंचवीस दिवसांनी धागा वर काढतेय.

घड्याळ दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं. जोडायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा एफ-ड्रॉइड म्हणजे काय हे समजण्यात.

गजर: पहिल्या दिवशी घड्याळ सैल होतं, कळलंच नाही, धावतपळत शाळेत. पट्टा एक भोक आत घेतल्यापासून एक शनिवार सोडला (तो पुढे सांगते) तर एकही दिवस चुकला नाही. नवरा दोन सेकंड शिफ्ट सलग झोपला. त्याला मी घड्याळाचं सांगितलंच नव्हतं. बारा दिवसांनी म्हणाला, 'हल्ली गजर लावत नाहीस का?'

वर्गात: फोन आला की नाव दिसतं. नाव इंग्रजीत साठवलं असेल तर. सासूबाईंचं 'आई' असं मराठीत होतं, दोन चौकोन यायचे. आता 'दोन चौकोन म्हणजे आई' हे मला पाठ झालंय, बदलत नाही. शाळेच्या ग्रुपचं म्हणाल तर चौकोनांची रांग दिसली की समजायचं परिपत्रक आलंय, ते तासानंतर वाचलं तरी चालतं. घरचं इंग्रजी अक्षरांत येतं ते लगेच वाचता येतं. राइनकाठचे दादा, तुमच्या मुलीचं कौतुक आहे, पण माझ्यासाठी चौकोनांनी चाळणीचं काम केलंय. तुमचं सेटिंग मला नकोच.

आता तक्रार. दुसऱ्या शनिवारी गजर झालाच नाही. उशीर झाला, मुख्याध्यापक दारात. पूलदादांना रात्री फोन केला. माझी चूक की त्यांची, ते त्यांनीच लिहावं.

लोखंडी_पूल
माझी, शंभर टक्के.

नवीन आवृत्ती घातली की घड्याळात सेटिंगमध्ये जाऊन 'ही चालेल' अशी पसंती द्यावी लागते. तोवर ती उमेदवार असते. पसंती न देता घड्याळ पुन्हा सुरू झालं तर ते गुपचूप आधीच्या आवृत्तीवर परत जातं. सोय म्हणून चांगली आहे, काही बिघडलं तर घड्याळ स्वतःला वाचवतं. मी माझ्या घड्याळावर पसंती दिली, पाठवलेल्यावर विसरलो. ताईंची बॅटरी गुरुवारी पूर्ण उतरली, चार्ज केल्यावर घड्याळ जुन्या आवृत्तीवर उठलं, आणि जुन्या आवृत्तीला शनिवारची शाळा माहीत नाही.

फोनवर सांगून पुन्हा घालून घेतली, पसंतीही दिली.

रात्रपाळी
म्हणजे सेवा करावीच लागली.

गच्चीवरची_तुळस
पंचवीस दिवसांत एकदा, अर्धा तास. लॉगिनवाल्यावर यापेक्षा जास्त वेळ गेला होता आणि तिथे फोन करायला कुणी नव्हतं. पण खरं सांगू का, पूलदादा नसते तर मी हे घड्याळ घेतलं नसतं आणि घ्याही म्हटलं नसतं. रविवारी झोपायला मिळतं ते त्या दोन ओळींमुळे, आणि त्या मला लिहिता काय, काढताही आल्या नसत्या. ज्यांची आठवड्याची रीत त्या तीन पर्यायांत बसते त्यांनी खुशाल घ्यावं. ज्यांची बसत नाही त्यांनी आधी ओळखीत एखादा पूल शोधावा.

मी ठेवून घेतेय. पैसे पाठवलेत, दादांनी कुरिअरचे घेतले नाहीत.

ठोकळा
नाडी किती दाखवतं?

गच्चीवरची_तुळस
मुख्याध्यापक दारात होते तेव्हा बघायला हवी होती.

बरं, पूलदादा, घरून एक मागणी आलीय. नवऱ्यालाही घड्याळ हवंय. त्याचा एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, मध्येच कधी थर्ड. म्हणतो, गजर शिफ्टप्रमाणे आपोआप बदलेल असं करून मिळेल का?

लोखंडी_पूल
हे दोन ओळींत नाही व्हायचं. शिफ्ट कोणत्या वारी बदलते?